थांगाता: मुलान्जेच्या पायथ्याशी अकरा दिवस

शनिवार, 11 जानेवारी

मलावीचा चिलेका विमानतळ छोटा आहे, त्यामुळे सामान लगेच हातात येतं. पण आमची चार खोकी कस्टमच्या टेबलावर गेली आणि दोन तास तिथेच राहिली. तीन खोक्यांची यादी होती, औषध नियंत्रण प्राधिकरणाचं पत्र होतं, प्रत्येक बॅचची मुदत लिहिलेली होती. चौथ्या खोक्याचं काहीच नव्हतं. निघायच्या आदल्या रात्री आमच्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी प्रेमाने आणून दिलेल्या गोळ्या, मलमं, अर्धवट पट्ट्या आम्ही त्यात भरल्या होत्या. आमच्या सहा जणांत फार्मासिस्ट मी एकटीच. दानात येणाऱ्या औषधाची मुदत तिथे पोहोचल्यावर किमान 1 वर्ष उरलेली असावी, आणि तिथल्या लोकांनी ते मागितलेलं असावं, हे जागतिक आरोग्य संघटनेचे नियम मला तोंडपाठ आहेत. तरीही देणाऱ्यांचं मन मोडायचं जिवावर आलं आणि मी गप्प बसले. कस्टमच्या बाईंनी एकेक पट्टी उजेडात धरून पाहिली आणि खोकं बाजूला ठेवलं. त्यांचं बरोबर होतं. रुग्णाच्या पोटात जाणाऱ्या गोळीची काळजी माझ्याआधी त्यांनी घेतली, हे मला लागलं.

ज्या मिशन हॉस्पिटलात आम्ही काम करायला आलो होतो, त्याची गाडी ब्लँटायर, लिंबे करत थ्योलोकडे वळली आणि दोन्ही बाजूंना चहाचे मळे सुरू झाले. पाऊस लागून होता. अंधार पडायच्या सुमाराला ढग थोडे वर उचलले आणि सपाट माळातून एकदम उभा राहिलेला मुलान्जे डोंगर दिसला. त्याचं सापित्वा शिखर 3,002 मीटर उंच आहे. ड्रायव्हर म्हणाले, "आज तुम्हाला दिसला. कधीकधी आठवडाभर तोंड दाखवत नाही."

रविवार, 12 जानेवारी

उपासना सव्वातीन तास चालली आणि एकदाही घड्याळाकडे बघावंसं वाटलं नाही. वाद्य एकच, ढोल. बाकी सगळं गळ्यांवर. एक बाई ओळ उचलते, मागून चार वेगवेगळ्या पट्ट्यांत सगळं देऊळ तिला धरतं.

पाळकांनी छप्पर उघडून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाचा शास्त्रभाग घेतला. चिचेवा, इथली भाषा, मला कळत नाही. शेजारी बसलेल्या हॉस्पिटलच्या मेट्रन सिस्टर हळू आवाजात सांगत होत्या. "पाळक विचारताहेत, त्या चौघांची नावं कुणाला ठाऊक आहेत का?" देवळात शांतता. नावं शास्त्रात नाहीतच. मग पाळकांनी मागच्या बाकांकडे हात करून आठ-दहा जणांना उभं केलं. निळे शर्ट घातलेले ते एच.एस.ए., म्हणजे हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट. साधारण 1,000 लोकांमागे एक असावा, हे सरकारचं धोरण. सायकलवर लशींचा डबा बांधून गावोगाव जाणारी ही माणसं. त्यांच्यासाठी सगळ्या देवळाने प्रार्थना केली. आमची ओळख शेवटी, घोषणांमध्ये, दोन वाक्यांत झाली. ते मला आवडलं.

सोमवार, 13 जानेवारी

आज वॉर्ड आणि औषधभांडार.

या देशातली मिशन हॉस्पिटलं, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोन्ही, ख्रिश्चन हेल्थ असोसिएशन ऑफ मलावी या एका छत्राखाली आहेत. लोक त्याला 'चाम' म्हणतात. देशातल्या आरोग्यसेवेचा साधारण तिसरा हिस्सा ही हॉस्पिटलं उचलतात, आणि तोही प्रामुख्याने खेड्यांत. सरकारी दवाखान्यात उपचार फुकट असतात, इथे शुल्क लागतं. मात्र बाळंतपणं आणि लहान मुलांचे उपचार यांचे पैसे करारानुसार सरकार भरतं. ते पैसे वेळेवर आले नाहीत की भांडाराची फळी रिकामी राहते. इथल्या फार्मसीच्या प्रमुखांनी मला एक जाड वही दाखवली. औषध कधी संपलं, किती दिवस नव्हतं, त्या जागी काय दिलं, सगळं एका बारीक अक्षरात. वहीतून मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "तुम्ही गेल्यावर जे चालू राहणार नाही, असं काही सुरू करायचा विचार आहे का?" मी नाही म्हटलं. मग ते हसले आणि गोळ्या मोजायचा ट्रे माझ्याकडे सरकवला.

प्रत्येक रुग्णाकडे एक छोटी वही असते, हेल्थ पासपोर्ट. जन्मापासूनच्या लशी, वजनं, ताप, बाळंतपणं, सगळं तिच्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून छपराच्या वाशात खोचून ठेवतात, म्हणजे पावसातही वाचते. गेल्या खेपेला कुणी काय दिलं ते कळायचा हा एकच मार्ग. बाहेरून आलेला डॉक्टर त्यात न लिहिता औषध देऊन गेला, तर पुढचा डॉक्टर आंधळा होतो. मेट्रन सिस्टरनी आम्हाला एवढी एकच सक्त ताकीद दिली.

वॉर्डच्या मागे गार्डियन शेल्टर आहे. रुग्णाबरोबर घरचं एक माणूस येतंच. त्याला 'गार्डियन' म्हणतात. रांधणं, अंघोळ घालणं, कूस बदलणं त्याच्याकडे. संध्याकाळी तीन दगडांच्या पंधरा-वीस चुली पेटल्या होत्या, त्यावर न्सिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, घोटली जात होती, आणि ज्या बाईचं पीठ संपलं होतं तिच्या भांड्यात शेजारणीने न विचारता दोन मुठी टाकलं. हे महिने भुकेचे. गेल्या वर्षीचा मका संपलेला, नवा अजून शेतात.

मंगळवार, 14 जानेवारी

पहिलं फिरतं क्लिनिक. फालोम्बेच्या सपाटीतलं गाव, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. रस्त्यात दोन ठिकाणी पूल वाहून गेलेले आणि बाजूने कच्ची उतरण केलेली. मार्च 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने इथले डोंगरउतार खाली आणले. त्याआधी 1991च्या मार्चमध्येही असंच झालं होतं. इथले जुने लोक सांगतात की डोंगराच्या पोटात नापोलो नावाचा मोठा साप राहतो आणि तो निघाला की डोंगर फुटतो. ड्रायव्हरनी हे सांगताना गाडीचा वेग कमी केला आणि माळावर पसरलेले, घराएवढे दगड दाखवले.

आम्ही पोचलो तेव्हा आंब्याच्या झाडाखाली दीडशेच्या वर बायका मुलांना पाठीशी बांधून बसल्या होत्या. गावचे एच.एस.ए. पहाटेच आले होते. त्यांनी फांदीला वजनकाटा टांगला होता. बाळाला जाड कापडाच्या चड्डीत घालायचं, चड्डीचे पट्टे आकड्यात अडकवायचे, की बाळ हवेत तरंगतं, रडतं आणि काटा स्थिर होईपर्यंत सगळे श्वास धरतात. या क्लिनिकला लोक 'सिकेलो'च म्हणतात, म्हणजे काटा.

मेट्रन सिस्टरनी आधी नंबर वाटले, मग प्रार्थना झाली. मी कारण विचारलं. रांगेत डोकं झाकलेल्या काही मुस्लिम बायका होत्या. प्रार्थनेच्या वेळी त्या सावलीत जरा लांब बसून राहिल्या. सिस्टर म्हणाल्या, "नंबर प्रार्थनेनंतर दिला, तर तो प्रार्थनेमुळे मिळाला असं कुणालाही वाटेल. आधी दिला की ज्याला यायचं तो मनाने येतो." मी अनेक शिबिरं केली आहेत, पण इतकी साधी गोष्ट मला कधी सुचली नव्हती.

दुपारपर्यंत मलेरियाच्या तपासण्यांच्या पट्ट्या टेबलभर पसरल्या. बोटाचा थेंब, वर द्रावाचे थेंब, मग ठरलेली मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर मलेरिया नाही, दोन आल्या तर आहे. दोन रेघांचीच रास मोठी होत गेली. या मोसमात असंच होतं. इथे मलेरियाला 'मालुंगो' म्हणतात आणि त्याच्या गोळ्यांना नुसतं 'एल.ए.'.

माझं टेबल शेवटचं. एक म्हातारी, आगोगो, साधारण दीड वर्षांच्या नातवाला घेऊन समोर उभी राहिली. वजन 8.4 किलो, ताप, दोन रेघा. कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजतात, ती पट्टी पिवळ्यावर, 11.8 सेंटिमीटर. म्हणजे 11.5च्या धोक्याच्या रेघेपासून जेमतेम तीन मिलिमीटर वर. क्लिनिकल ऑफिसरने त्याच्या दोन्ही पावलांवर अंगठे दाबून मनात तीन अंक मोजले आणि अंगठे उचलले. खळगा राहिला नाही. सूज नव्हती, हे चांगलं. मूल दुबळं होतं, पण खात होतं. त्यांनी पासपोर्टमध्ये सगळं लिहिलं आणि दर मंगळवारी वजनाला बोलावलं.

एल.ए.चा पूर्ण डोस सहा वेळांचा. या वजनाला एका वेळी एक गोळी. पहिली आमच्यासमोर. चमच्यात पाणी घेऊन मी गोळी विरघळवली. आगोगोने चमचा माझ्या हातून घेतला, नातवाची हनुवटी आपल्या कोपरात धरली आणि ओठाच्या कडेने थेंबाथेंबाने आत सोडलं. त्याने तोंड वाकडं केलं. तिने लगेच त्याच्या तोंडात चिमूटभर शेंगदाण्याचं कूट घातलं. या औषधाला बरोबर थोडं तेलकट लागतं, म्हणजे ते अंगाला नीट लागतं, हे मी सांगायच्या आतच. अर्ध्या तासात उलटी झाली तर गोळी परत द्यावी लागते, म्हणून तिला बाजूला बसवलं. मूल झोपलं.

राहिल्या पाच गोळ्या. पाकिटावर मी सकाळसाठी सूर्य काढला, रात्रीसाठी चंद्र. दुसरी गोळी आठ तासांनी. घड्याळ नाही, तर आठ तास कसे सांगायचे? एच.एस.ए. म्हणाले, "कोंबड्या डालल्यावर लगेच नको. चूल विझवाल तेव्हा." तिने मान हलवली, ते शब्द परत म्हणून दाखवले, आणि आपण पदराला पैसे बांधावेत तशी चितेंजेच्या, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या कापडाच्या, टोकाला पाकिटाची गाठ मारली. "झिकोमो क्वाम्बिरी," म्हणजे खूप आभार, ती म्हणाली, आणि दोन्ही गुडघे किंचित वाकवून टाळी वाजवल्यासारखे हात जोडले. मीही तसंच केलं.

परतताना गाडीत आमच्याबरोबर एक चार वर्षांची मुलगी होती. तळहात कागदासारखे पांढरे, श्वास भरभर. मलेरियाने रक्त खाल्लं होतं. तिची आई पूर्ण वाट तिच्या कपाळावर हात ठेवून होती. रात्री काका वीस-बावीस किलोमीटर सायकल मारत आला आणि त्याने रक्त दिलं.

बुधवार, 15 जानेवारी

आज सुट्टी, जॉन चिलेम्ब्वे दिन. 500 क्वाचाच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे, पण मला त्यांच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. फार्मसीच्या प्रमुखांनी दुपारी व्हरांड्यात बसून सगळं सांगितलं.

चिलेम्ब्वे बाप्टिस्ट पाळक होते. इथून जवळच्या चिराद्झुलूमध्ये त्यांची मिशन होती, शाळा होत्या, विटांचं मोठं देऊळ होतं. आसपासच्या गोऱ्या मळेवाल्यांच्या जमिनीवर मोझांबिककडून आलेले लोम्वे लोक राहत. राहायच्या बदल्यात त्यांना भाडं म्हणून राबावं लागे. त्या राबण्याला नाव होतं 'थांगाता'. मूळ शब्दाचा अर्थ मदत. शेजाऱ्याच्या शेतात हात लावायला जाणं, ते थांगाता. मळ्यावर त्याची वेठबिगार झाली, पण नाव तेच राहिलं. पुढे पहिल्या महायुद्धात या लोकांना हमाल आणि सैनिक म्हणून नेलं. जानेवारी 1915 मध्ये चिलेम्ब्वेंनी उठाव केला. तो काही दिवसांतच मोडला. 3 फेब्रुवारीला त्यांना गोळी घातली आणि त्यांचं देऊळ पाडलं.

मी बराच वेळ बोलू शकले नाही. स्कॉटिश मिशनरी 1876 मध्ये ब्लँटायरला आले. ज्या काळात, ज्या भागात शाळा आणि दवाखाने आले, त्याच काळात त्याच भागात मळेही आले. विश्वास तोच, शास्त्र तेच. एका पाळकाला ते वाचून मळ्याविरुद्ध उभं राहावंसं वाटलं, आणि मळेवाले तेच शास्त्र ऐकून रविवारी घरी जात. मी ख्रिस्ती आहे, प्रभूच्या नावाने इथे आले आहे, म्हणून हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी त्यांना विचारलं, आज मदतीला काय म्हणतात? ते म्हणाले, "कुथांडिझा. थांगाता आता कुणी सहसा म्हणत नाही. तो शब्द खराब केला गेला."

संध्याकाळी वॉर्डमध्ये गेले. मंगळवारची मुलगी उठून बसली होती. तिचा काका शेल्टरमध्ये चुलीवर उसिपा, छोटे सुके मासे, भाजत होता.

गुरुवार, 16 जानेवारी

चिल्वा सरोवराच्या बाजूची शाळा. सरोवर उथळ आणि खारं, भोवती भातखाचरं आणि त्यात बिल्हार्झिया हा जंतांचा रोग पसरवणाऱ्या गोगलगायी. पोरं दिवसभर पाण्यात असतात. लघवीतून रक्त जाणं इतकं नेहमीचं की पोरं ते सांगतही नाहीत. इथे त्याला 'लिकोद्झो' म्हणतात.

औषध प्राझिक्वांटेल. वजनकाट्याऐवजी उंचीची काठी लावतात. काठीवर रंगीत पट्टे, ज्या पट्ट्याला डोकं लागेल तितक्या गोळ्या. शेकडो मुलांना एका सकाळी द्यायचं तर याहून सोपी युक्ती नाही. पण ही गोळी रिकाम्या पोटी दिली तर मूल ओकतं, भोवळ येते, आणि पुढच्या वर्षी ते शाळेतच येत नाही. या महिन्यात बरीच मुलं उपाशी येतात. म्हणून आधी मोठ्या पिंपात फाला शिजली, मका-सोयाची पेज. मुख्याध्यापकांनी स्वतः उभं राहून प्रत्येकाचा पेला भरला गेला का पाहिलं. नंतरच गोळ्या. गोळी भयंकर कडू. एका मुलीने गिळून घेतली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी मागे उभ्या असलेल्या धाकट्या भावाला वळून म्हणाली, गोड आहे.

शुक्रवार, 17 जानेवारी

रात्रभर पाऊस. रस्ता बंद, क्लिनिक रद्द.

मुलांच्या वॉर्डमध्ये एका खाटेवर दोन-दोन मुलं. पहाटे एका बाळाला दूरच्या गावातून आणलं. नदी चढल्यामुळे ते रात्रभर पलीकडे अडकले होते. बाळाला झटके येत होते. रक्तवाहिनी मिळाली, मलेरियाचं आर्टेसुनेट गेलं, साखर दिली. सातच्या सुमाराला बाळ गेलं.

त्यानंतर वॉर्डमध्ये जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. आईने एकदाच मोठ्याने हाक मारली. मग शेजारच्या खाटांवरच्या बायका उठल्या, आपापली मुलं पाठीशी बांधली आणि तिच्याभोवती उभं राहून अगदी खालच्या पट्टीत गाऊ लागल्या. सिस्टरनी बाळाला आईच्याच चितेंजेत गुंडाळलं, चेहरा उघडा ठेवून, आणि तिच्या हातात दिलं. आमचे डॉक्टर काहीतरी समजावू पाहत होते. मेट्रन सिस्टरनी त्यांच्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आत्ता फक्त 'पेपानी' म्हणा." पेपानी म्हणजे माफ करा, आणि तुमचं दुःख माझ्यापर्यंत पोचलं, हे दोन्ही. त्यांनी म्हटलं. आईने मान हलवली. मग सिस्टर टेबलाशी गेल्या आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहिली.

शनिवार ते सोमवार

शनिवारी भांडाराची मोजणी. चार दिवसांत एल.ए.च्या लहान मुलांच्या पट्ट्या अपेक्षेच्या दुप्पट गेल्या होत्या. फार्मसीच्या प्रमुखांनी आमच्या तीन खोक्यांतलं सगळं त्यांच्याच वहीत, त्यांच्याच पद्धतीने चढवलं. रविवार देवळात. सोमवारी कोरड्या रस्त्याचं एक क्लिनिक, 126 नोंदी. तीन मुलांना चिपोंडे सुरू केलं. चिपोंडे म्हणजे शेंगदाण्याची घट्ट पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं घातलेली. 92 ग्रॅमच्या पाकिटात 500 कॅलरी असतात. शिजवायला लागत नाही, पाणी लागत नाही. याच भागातल्या भाजलेल्या शेंगदाण्याच्या चवीची असल्यामुळे मुलं ती बोटाने चाटून संपवतात.

मंगळवार, 21 जानेवारी

शेवटचा दिवस. वजनांसाठी गाडी पुन्हा पहिल्या गावाकडे गेली, मी मागे बसले.

आगोगो आल्या होत्या. काट्याने 8.7 किलो दाखवलं. मुलगा चड्डीत लोंबकळत रडला नाही, एच.एस.ए.च्या शिट्टीकडे हात करत होता. आगोगोंनी चितेंजेची गाठ सोडली आणि रिकामं पाकीट माझ्या हातात दिलं. माझे सूर्य आणि चंद्र घामाने पुसट झाले होते. त्यांच्या खाली कोळशाच्या पाच रेघा होत्या. प्रत्येक गोळी दिल्यावर त्यांनी चुलीतल्या कोळशाने एक रेघ ओढली होती. शेवटची रेघ जरा लांब.

मी ते एच.एस.ए.ना दाखवलं. त्यांनी आगोगोंना काही विचारलं, त्या हसल्या, आणि हातानेच दाखवलं, कोंबड्यांची अंडी मोजताना भिंतीवर अशाच रेघा ओढते. ते म्हणाले, "हे मी सगळ्यांना सांगणार."

रांग वाढत होती. मी टेबलावर कोरी पाकिटं घेतली, सूर्य काढला, चंद्र काढला, आणि खाली रेघांसाठी जागा सोडली. आगोगो शेजारी उभ्या राहून बघत होत्या. एका पाकिटावर जागा कमी पडतेय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी बोटाने दाखवलं, मी चंद्र थोडा वर सरकवून परत काढला.